सही कुणाची, गाव कुणाचं?

फोटोवर सही करावी की करू नये, हा माझा वाद नाही. करावी, जरूर करावी. ती कुठे करतात, केवढी करतात आणि सही ठोकताना बाकीचं काय काय लिहायचं टाळतात, यावर माझा राग आहे.

आपल्या स्वयंपाकघरातलं एखादं ताट उलटं करून बघा. आहेरात आलेलं असेल तर त्यावर नाव असतंच. कुणी दिलं, कुणाला दिलं, तारीख, कधीकधी गाव. भांड्यांचा दुकानदार टर्रर्र मशीन फिरवून दोन मिनिटांत ते घालून देतो. पण घालतो कुठे? काठाच्या बाहेरच्या अंगाला, नाहीतर बुडाला. आमटी वाढायच्या जागी नाव घातलेलं ताट मी अजून पाहिलेलं नाही. हे शहाणपण त्या दुकानदाराला कुठल्या कलाशाळेत शिकावं लागलं नाही. लाखाचा कॅमेरा गळ्यात अडकवून जंगलात फिरणाऱ्यांना मात्र ते अजून सुचायचं आहे.

सुप्याच्या धरणाजवळ, गणेशगुडीच्या आसपास, आता पुष्कळ रिसॉर्टं झाली आहेत. त्यातल्या एकाच्या जेवणघरात विकायला लावलेले फोटो मी सावकाश फिरून पाहिले. एक कुणबी आजी, मांडीवर कंदांची टोपली, चेहऱ्यावर बाजूने आलेला उजेड. फोटो उत्तम होता, हे आधी सांगून टाकते. आणि त्या आजीच्या पदरावरून आडवी, सोनेरी मार्करची वळणदार सही, खाली दोन रेघांसकट. कोपऱ्यात ३/२५. चौकटीखाली छापील पट्टी : ‘ट्रायबल वूमन, दांडेली’. ह्या कोण, असं मी तिथल्या माणसाला विचारलं. म्हणाला, “लोकल आहेत, मॅडम.”

तीन शब्दांच्या पट्टीत तीन चुका. ‘ट्रायबल’ म्हणाल, तर आम्हाला अनुसूचित जमातीत घ्या म्हणून इथले कुणबी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवत आले आहेत. सरकार द्यायला इतकी वर्षं लावतं ते नाव रिसॉर्टवाल्याने एका पट्टीत देऊन टाकलं. ‘वूमन’ म्हणजे काय? तिला नाव आहे, घर आहे, रेशनकार्ड आहे. आणि ‘दांडेली’ हा तर सरळ धंदा. हा सगळा मुलूख जोयडा तालुक्यातला; पण पर्यटकाला दांडेली माहीत, म्हणून काळी नदीचं पाणी, अणशीचं जंगल, कॅसलरॉकचा घाट, सगळ्यावर दांडेलीचा छाप. (आम्ही जैन, कंद खात नाही. पण जोयड्याचे कुणबी किती परींचे कंद लावतात आणि त्यांचा तिथे मेळा भरतो, एवढं मलाही ठाऊक आहे. निदान टोपलीतल्या कंदाचं नाव तरी विचारायचं होतं.)

फोटोग्राफरचं नाव मात्र चुकलेलं नव्हतं. ते सोनेरी होतं.

आता ‘सुपा’ हे नाव लिहिण्याबद्दल मी एवढी हटून का बसले, ते सांगते. सुपा हे काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं गाव. कृष्णधवल फोटोसाठी याहून साजेसा पत्ता कुणी शोधून दाखवावा! तालुक्याचं ठिकाण होतं ते, तालुक्याला नावच सुपा होतं. काळीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, १९८०च्या दशकात पाणी भरलं, आणि गाव खाली गेलं. कचेऱ्या जोयड्याला गेल्या, पुष्कळ माणसं रामनगरला वसली, तालुक्याचं नावही बदललं. आज ‘सुपा’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काँक्रीटची भिंत येते. गाव आता जुन्या कागदांत, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आणि फोटोंत उरलं आहे. अशा जागेच्या फोटोखाली दुसऱ्याच गावाचं नाव लिहिलं तर त्याला नुसता निष्काळजीपणा कसा म्हणायचा?

रामनगरच्या एका घरात जुन्या सुप्यातला एक फोटो मला दाखवला होता. लग्नातला, कृष्णधवल, कडा कुरतडलेला. पुढच्या बाजूला सही नाही, काही नाही. उलटा केला तर मागे जांभळ्या शाईचा रबरी शिक्का : स्टुडिओचं नाव, गाव, पेनाने घातलेला निगेटिव्हचा क्रमांक, आणि हा क्रमांक कळवल्यास केव्हाही प्रत मिळेल अशा अर्थाची इंग्रजी ओळ. त्याखाली घरातल्याच कुणीतरी टाकाने लिहिलं होतं : कुणाचं लग्न, सुपा, आणि साल. काढणाऱ्याचं नाव आहे, काढवून घेणाऱ्याचं आहे, जागेचं आहे, काळाचं आहे. फोटो मात्र कोरा, स्वच्छ, कुणी त्यावर पाय दिलेला नाही. बाजारातल्या साध्या स्टुडिओवाल्याला जे जमत होतं, त्याला आज ‘फाइन आर्ट प्रिंट’वाले जुनाट म्हणतात.

आमच्या समाजाला अभिमान वाटावा असं एक नाव इथे घेते. राजा दीनदयाळ हे १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्याला जैन घरात जन्मले. इंदूरला नोकरी करता करता कॅमेरा हातात घेतला, पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, १८९६ला मुंबईत स्टुडिओ काढला. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवर क्रमांक आणि नाव घातलेलं असे. ते प्रिंटमध्ये खालच्या कडेला बारीक पांढऱ्या अक्षरांत उतरे. चित्राच्या आतच, पण शोधावं लागे. दुकानदाराच्या जातीचा माणूस, माल कुठला, कितवा, याची नोंद त्याच्या रक्तातच असणार. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ साली त्यांच्या २,८५७ काचा घेतल्या. अशा ढिगाऱ्यात क्रमांक नसते तर अभ्यासकांनी काय केलं असतं? अर्थात त्या एका नावाच्या छत्रीखाली किती पगारी फोटोग्राफरांची कामं गेली, हेही विसरायचं नाही. हैदराबादला पडदानशीन बायकांसाठी त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता, तो चालवायला एक इंग्रज बाई होती. नाव मात्र पेढीचंच.

इथे काहीजण मला अडवतील. विशेषतः आमच्यातले. नावाचा मोह कशाला, नामनिराळं राहणं हेच खरं नाही का? मंदिरातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं आपण रोज बघतो (पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही, हीच काय ती निर्जरा), म्हणून हा प्रश्न बरोबर वाटतो. पण श्रवणबेळगोळला जा. बाहुबलीच्या पायाशी मराठीतला तो प्रसिद्ध लेख आहे, शाळेत सगळ्यांनी ऐकलेला. त्यात मूर्ती करवून घेणाऱ्या चामुंडरायाचं नाव आहे, भोवतीचा परिसर बांधवून घेणाऱ्या गंगराजाचं आहे. छिन्नी धरणाऱ्याचं नाही. करणारा नाव लिहीत नाही तेव्हा जागा रिकामी राहत नाही, करवून घेणारा तिथे येऊन बसतो.

तिथून बेलूर फार लांब नाही. बाराव्या शतकातल्या त्या देवळात शिल्पकारांनी सह्या केल्या आहेत. त्यात बळ्ळिगावेचा दासोज आहे. नावाबरोबर गाव! आणि सही पुतळीच्या अंगावर नाही, पायाखालच्या पट्टीवर. नऊशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने मला जे हवं आहे ते सगळं एका ओळीत करून ठेवलं आहे.

बाईचं नाव तर आणखी सहज पुसलं जातं. होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे.त शिकलेल्या, आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. म्हणून ‘सही नकोच’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही.

आता त्या ३/२५कडे येते. ही रीत छापचित्रांच्या कारागिरांची. तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठसे काढले की पत्रा झिजतो, पुढचा ठसा पुसट येतो. म्हणून कितवी प्रत हे लिहिण्यात अर्थ होता. डावीकडे क्रमांक, उजवीकडे सही, चित्राच्या खाली कोऱ्या समासात, पेन्सिलीने. फोटोची निगेटिव्ह तशी झिजत नाही आणि संगणकातली फाइल तर मुळीच नाही. त्यामुळे फोटोखालचा आकडा हा निव्वळ शब्द आहे. मी पंचवीसच काढीन, सव्विसावी काढणार नाही, असं दिलेलं वचन. ते द्यायलाच हवं अशी कुणाची सक्ती नाही. आन्री कार्तिए-ब्रेसाँ प्रतींना क्रमांक घालत नसे. समासात शाईने सही करी, बस्स. अँसल अॅडम्सने आपल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या फोटोच्या शेकडो प्रती चाळीसेक वर्षं काढल्या, लपवलं काहीच नाही. वचन द्यायचं नसेल तर देऊ नका. दिलंत तर पाळा.

आणि पाळतात कसं? लहान आकाराच्या पंचवीस, मधल्या आकाराच्या पंचवीस, मोठ्या पंचवीस, कॅनव्हासवर आणखी पंचवीस. वर तोच फोटो कॅलेंडरवर, चहाच्या मगवर, किल्लीच्या साखळीवर. विचारलं की म्हणतात, ही आवृत्ती वेगळी. आमच्याकडे अचौर्य व्रताचे अतिचार लहानपणी पाठशाळेत घोकून घेतात. त्यात दोन आहेत : मापात कमीजास्त करणं, आणि अस्सल म्हणून नक्कल खपवणं. यातलं एकही घरफोडी नाही. दोन्ही दुकानातच होतात, दिवसाढवळ्या, पावती देऊन. पंचवीस सांगून शंभर विकणं हे पहिल्यात बसतं. तीन फोटोंतले तुकडे जोडून, आभाळ दुसरीकडचं आणून ‘सुप्याची संध्याकाळ’ म्हणून विकणं दुसऱ्यात. जोडकामाला माझी ना नाही, पण मागे तसं लिहा.

आणि मूळ व्रताचंच नाव काढायचं तर ते आहे अदत्तादान टाळण्याचं, न दिलेलं न घेण्याचं. मराठीत आपण फोटो ‘काढतो’. कुणाचा तरी, कुठून तरी. काढलेलं परत काय केलं, हा प्रश्न भाषेतच बसलेला आहे.

डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियात मटारवेचणीच्या छावणीत एका मजूर आईचा फोटो काढला. जगातल्या सगळ्यात ओळखीच्या फोटोंपैकी तो एक. लँगने तिचं नाव विचारलं नाही. बाई तिथल्या आदिवासी वंशाची होती, तिचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. तोवर तिला त्या फोटोचा एक पैसा मिळाला नव्हता. लँगला दोष देताना तारतम्य ठेवावं लागतं. ती सरकारी नोकरीत होती, फोटो सरकारचा होता, तिनेही त्यावर बंगला बांधला नाही. पण १९९८ साली त्याच फोटोची, लँगच्या हस्ताक्षरातल्या टिपणांची आणि सहीची एक प्रत लिलावात दोन लाख चव्वेचाळीस हजार डॉलरला गेली. सहीला एवढा भाव, आणि चेहऱ्याला नाव मिळायला बेचाळीस वर्षं.

अॅडम्सच्या त्या फोटोची उलटी गंमत आहे. हर्नांडेझ हे चिमूटभर खेडं, पण नावातच घातल्यामुळे ते जगभर ठाऊक झालं. तारीख मात्र अॅडम्सने नीट टिपली नव्हती. दर वेळी वेगळं साल सांगायचा. शेवटी खगोलशास्त्राच्या जाणकारांनी फोटोतल्या चंद्राची जागा मोजून १९४१च्या शरदातली संध्याकाळ शोधून काढली. प्रत्येकाच्या फोटोत चंद्र नसतो, हो.

फोटोग्राफर मंडळी म्हणतात, मधोमध सही नाही केली तर लोक चोरतात. इंटरनेटवर टाकताना काय हवं ते करा. पण माणूस पैसे मोजून भिंतीवर लावायला प्रिंट घेतो, त्याच्याकडून कुठली चोरी? आणि हक्क सहीने येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता; २०१२च्या दुरुस्तीनंतर तो हक्क त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो. कलम ५७ प्रमाणे कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क कॉपीराइट विकला तरी शाबूत राहतो. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या : कलम १७ नुसार कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. रिसॉर्टसाठी काढलेले फोटो रिसॉर्टचेच होऊन बसतात ते असे. चामुंडराय काही गेलेला नाही.

फोटोग्राफरांना खरोखर भांडायचंच असेल तर जागा आहे. चित्र, शिल्प, रेखाटन यांची मूळ प्रत दहा हजारांवर पुन्हा विकली गेली, तर कलम ५३अ कर्त्याला त्या किमतीत वाटा देतं. त्या यादीत फोटो नाही. का नाही? यासाठी मोर्चा काढा, मी पोळ्या लाटून देईन. पण त्या कायद्यात आजीला तर कुठेच जागा नाही. जे कायदा लिहीत नाही ते निदान प्रिंटच्या मागे लिहावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कसं लिहावं, तेही सांगते, म्हणजे नुसती कटकट केली असं नको. कापसाच्या मॅट कागदावर समासात साधी मऊ पेन्सिल चांगली. ती फिकी पडत नाही, मागे उमटत नाही. चकचकीत कागदावर पेन्सिल चालत नाही, तिथे न पसरणाऱ्या, आम्ल नसलेल्या शाईचं पेन. बॉलपेन कधीच नाही, मागून दाबून लिहिलं की पुढे घळ दिसते. माउंटची खिडकी कापताना चित्राखाली बोटभर समास उघडा ठेवावा, म्हणजे सही दिसते आणि चित्रावर चढत नाही. प्रिंट काचेला टेकता कामा नये. जोयड्याकडचा पाऊस काय असतो ते ज्याने पाहिलंय त्याला हे सांगायला नको. दोन पावसाळ्यांत कागद काचेला चिकटतो आणि मग काढताना चेहराच निघून येतो. सेलोटेपने चिकटवू नये, पिवळा पडतो. गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ टिकाऊ कागदाच्या पट्ट्या, हेच जगभरच्या संग्रहालयांत वापरतात. आपल्या आज्या कुरडयांसाठी गहू भिजवून हाच चीक काढायच्या.

आणि मागे : माणसाचं नाव, त्याने सांगितलं तसं. नको म्हणाला तर ‘नाव देण्यास नकार’ असं, ‘लोकल’ असं नाही. गाव, तालुका. फोटो काढल्याची तारीख आणि प्रिंट काढल्याची तारीख वेगवेगळी. प्रिंट कुणी काढली, कारण पुष्कळदा कारागीर दुसराच असतो. सगळे आकार मिळून एकूण किती प्रती. धनेशाचा फोटो असेल तर ढोलीजवळ काढला का; मादी आत स्वतःला लिंपून घेऊन पिल्लं वाढवते आणि नर बाहेरून चारा आणतो, त्या दिवसांत दहा कॅमेरे झाडाखाली बसले तर नर येत नाही, हे घेणाऱ्याला कळायला हवं. विकत घेण्याआधी चौकट उलटी करून बघायची सवय आपणही लावून घ्यावी. दुकानात डबा घेताना तळ बघतो तशी.

पहिली प्रत फोटोतल्या माणसाच्या घरी जावी. फुकट, सही केलेली, माउंट केलेली.

उन्हाळा कडक गेला आणि जलाशय फार उतरला की जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात, आणि त्या आठवड्यांत कॅमेरेवाल्यांची रीघ लागते. त्यांनी यावं. फक्त रामनगरातून एखाद्या म्हाताऱ्याला गाडीत बसवून बरोबर न्यावं. हा चौथरा कुणाच्या घराचा, ही पायरी कुठल्या देवळाची, हे तो उभ्या उभ्या सांगेल, आणि ते तिथेच लिहून घ्यावं, कारण जूनमध्ये पाणी पुन्हा चढायला लागतं, आणि सांगणारे आता सत्तरीच्या पुढे आहेत.